तक्रारपेटी रिकामी का राहते? वतनदार महारापासून कंत्राटी कामगारापर्यंत



मागच्या वर्षी आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका संस्थेत कर्मचाऱ्यांसाठी कायदेविषयक शिबिर होते. मीही बोलायला गेलो होतो. कर्मचारी जवळपास सगळे कंत्राटी आणि बहुसंख्य आपल्याच समाजातले. स्वयंपाकी, सफाई कामगार, चौकीदार, दोन-तीन लिपिक. संस्थेच्या प्रमुखांनी भाषणात अभिमानाने सांगितले की दारातच तक्रारपेटी लावली आहे आणि तीन वर्षांत एकही तक्रार आलेली नाही. टाळ्या वाजल्या.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर एक ताई हळूच म्हणाल्या, "भाऊ, त्या पेटीची चाबी सायबाच्याच टेबलात रायते. अन् आमच्या अकरा महिन्याच्या आर्डरीची चाबीबी त्याच्याच जोळ हाये."

कामावर न येणाऱ्या माणसांच्या हजेरीपटावर सह्या होतात, किराणा कागदावर येतो पण कोठीत पोचत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. तीन वर्षे सगळ्यांना माहीत होते आणि तीन वर्षे पेटी रिकामी होती.

अशा वेळी आपण कार्यकर्ते लगेच निकाल देऊन मोकळे होतो. "लोक घाबरट झाले, समाजात हिंमत राहिली नाही." हा निकाल सोपा आहे आणि चुकीचा आहे. गैरप्रकार दिसल्यावर नोकरीतला माणूस तोंड उघडेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते. त्याची भाकरी कोणाच्या हातात आहे, आणि वर बसलेल्या माणसाच्या सचोटीवर त्याचा भरवसा आहे का. हे मी व्यवस्थापनाच्या पुस्तकातून सांगत नाही. हा आपल्याच इतिहासाचा धडा आहे.

गावाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार

गावगाड्यात महार हा कोण होता? आजच्या भाषेत सांगायचे तर गावपातळीवरचा सरकारी कर्मचारी. गावाच्या शिवेची राखण त्याच्याकडे. चोराचा माग त्याने काढायचा. वसूल झालेला सारा तालुक्याला पोचवायचा, मयताचा सांगावा गावोगाव न्यायचा, सरकारी अंमलदार आला की त्याच्या दिमतीला उभे राहायचे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष महत्त्वाची मानली जायची. शीव कुठून जाते हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नव्हते.

म्हणजे गावाच्या जमिनीबद्दल त्याचा शब्द प्रमाण होता. पण त्याच माणसाला पाटलाने मारले, त्याच्या बायकोला कोणी छेडले, तर त्याचा शब्द ऐकायला कोणी नव्हते. ज्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरायची, त्याला स्वतःवरच्या अन्यायाची साक्ष देता येत नव्हती.

याचे कारण त्याच्या पगारात होते. काम सरकारचे, पण पोट गावाच्या हातात. तुटपुंजी वतनी जमीन आणि खळ्यावर मिळणारे बलुते, यावर घर चालायचे. बलुते किती द्यायचे, कधी द्यायचे, द्यायचे की नाही, हे कुणबी-पाटील ठरवणार. मग पाटलाविरुद्ध तालुक्याला जाऊन कोण सांगणार? सांगितले तर पुढच्या सुगीला खळ्यावर पाय ठेवता येणार नाही.

आमचे वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. १८५३ पासून ते निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. कायदे वेगळे होते, पण गावाचे आणि महाराचे नाते तेच. वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन हक्कांची गोष्ट असायची. बावन हक्कांचा अभिमान होता, पण दाद मागण्याचा हक्क त्या बावन्नांत नव्हता.

मग पहिल्यांदा कोण बोलले?

आपल्या चळवळीच्या सुरुवातीची नावे आठवा आणि त्यांचा पगार कुठून येत होता ते पाहा.

गोपाळबाबा वलंगकर लष्करातून १८८६ मध्ये निवृत्त झाले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले आणि महारांची लष्करभरती बंद होत असताना १८९४ मध्ये सरकारला देण्यासाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये नोकरीला होते. दख्खनच्या महारांचे निवेदन थेट भारतमंत्र्यांकडे पाठवण्याच्या १९१० च्या खटपटीत ते पुढे होते. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार. १९२७ च्या महाड परिषदेतही निवृत्त सैनिक होते. विदर्भात नागपूरच्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांत आपली माणसे कामाला लागली आणि तिथल्या वस्त्यांतून सभा, शाळा, वर्तमानपत्रे उभी राहिली.

ही माणसे गावातल्या माणसांपेक्षा जन्मजात शूर होती असे नाही. त्यांचे पेन्शन पाटलाच्या खळ्यावरून येत नव्हते. गिरणीचा पगार कुणबी अडवू शकत नव्हता. भाकरी सुटली तेव्हा जीभ सुटली. गावात राहिलेल्या आजोबांना भित्रे म्हणण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

बाबासाहेबांनी दुखण्याचे मूळ पकडले

१९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात त्यांना दुरुस्ती हवी होती. आपण या विधेयकाचा उल्लेख भाषणात करतो, पण त्यातल्या तरतुदी फार कमी जण वाचतात. ज्याला वतन सोडायचे आहे त्याला ते सोडता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन ठेवता यावी. महाराची कामे कोणती ते नियमाने ठरावे, म्हणजे घरातल्या कोणालाही कधीही कुठल्याही कामाला ओढता येणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, बलुत्याच्या जागी रोख रक्कम ठरवावी आणि ती सरकारने साऱ्याबरोबर वसूल करून महाराला द्यावी.

ही शेवटची तरतूद नीट पाहा. रयत तीच आणि पैसाही तिचाच. फक्त देणारा हात बदलतो. पण हात बदलला की नाते बदलते. ज्याच्या वागण्याबद्दल तक्रार करायची तोच पगार अडवू शकणार नाही, अशी ही व्यवस्था होती. विधेयक त्या वेळी पुढे गेले नाही. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी तो प्रश्न पुन्हा कायदेमंडळात आणला. वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

दुसरा धागा बहिष्काराचा. मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीने १९३० मध्ये अहवाल दिला आणि त्यात सामाजिक बहिष्कार हे अस्पृश्यांना दाबण्याचे किती भयंकर हत्यार आहे ते नोंदवले. हक्क मागितला की काम बंद, वाट बंद, दुकान बंद. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले, त्यात बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे गुन्हे ठरवा, अशी मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

बाबासाहेबांनी लोकांना नुसते "निर्भय व्हा" असे सांगितले नाही. निर्भय होण्याचा खर्च कमी करणारे कायदे मागितले. भाषणबाजी करणारा पुढारी आणि नेता यांच्यातला हा फरक आहे.

आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा? सप्टेंबर १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्यामागची कारणे सभागृहात मांडू दिली नाहीत तेव्हा बाहेर येऊन ते निवेदन प्रसिद्ध केले. ज्या सरकारात बसलो त्याच सरकारचे काय चुकले हे खुर्ची सोडून सांगितले. लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास असल्या वागण्यातून आला होता.

जिथे भरवसा नसतो तिथे काय होते

हा विश्वास आणि हे संरक्षण नसले की काय होते ते विदर्भाने २००६ मध्ये पाहिले. भंडारा जिल्ह्यातले खैरलांजी. शेजारच्या धुसाळा गावचे पोलीस पाटील सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली. पोलीस पाटील म्हणजे गावातला गुन्हा सरकारला कळवणे हेच ज्याचे काम तो माणूस. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी मारहाण करणाऱ्यांची ओळख पटवली. आरोपींना २९ सप्टेंबरला जामीन मिळाला आणि त्याच संध्याकाळी सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन या चौघांची हत्या झाली. त्या कुटुंबाचा गुन्हा एकच, त्यांनी खरे सांगितले. साक्षीदाराला संरक्षण देणे हे ज्यांचे काम होते त्यांनी ते दिले नाही.

पुढे २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे कलम १५ अ आले, सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हाही गुन्हा ठरला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. गोलमेज परिषदेतली मागणी पूर्ण व्हायला किती वर्षे लागली ते मोजा.

आता दुसरे उदाहरण घ्या, सरकारी कचेरीतले. वाशीम हा कोरडवाहू सोयाबीन-तुरीचा जिल्हा, पाण्याचा अनुशेष आमच्या पाचवीला पुजलेला. त्याच विदर्भातल्या ३८ सिंचन प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत सुमारे ६,६७२ कोटींवरून सुमारे २६,७२२ कोटींवर गेली. अशा प्रकल्पाच्या फायलीवर कनिष्ठ अभियंत्यापासून वरपर्यंत कितीतरी सह्या असतात. तरी हा विषय राज्यभर पेटला तो २०१२ मध्ये, जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांचे पत्र बाहेर आल्यावर. सिंचनाच्या कामांचा दर्जा आणि उपसा सिंचन योजनांवर वाया गेलेला पैसा याबद्दल त्यांनी मुख्यमंत्री आणि राज्यपालांना लिहिले होते. त्यानंतर चौकशीसाठी चितळे समिती नेमली गेली. पांढरे यांनी पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली.

कोणी म्हणेल, बघा, हिंमत असली की माणूस बोलतो. पांढरे यांची हिंमत मोठीच आहे. पण ते मुख्य अभियंता होते, कायम नोकरीत होते, राज्यघटनेच्या कलम ३११ चे कवच त्यांना होते. त्याच फायलीवर खाली सही करणाऱ्या लिपिकाकडे किंवा साइटवरच्या रोजंदारी मुकादमाकडे यातले काय होते? आणि एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यालाही नोकरीच्या मुदतीआधी बाहेर पडावे लागले, हे खालचा प्रत्येक कर्मचारी पाहत होता. त्यातून तो काय शिकला असेल?

सत्येंद्र दुबे या अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोण रस्त्यातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. नाव फुटले. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, जागल्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने केला. तो आजही अंमलात आणलेला नाही. कायदा छापील आहे, चावी साहेबाच्या टेबलात आहे.

जिथे तक्रारी जास्त, तिथे काम चांगले

समाजशास्त्र शिकताना एका संशोधनाने माझे डोळे उघडले. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधोपचाराच्या चुकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपेक्षा अशी की चांगल्या प्रमुखाच्या वॉर्डात चुकांची नोंद कमी असेल. निघाले उलटे. चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका अधिक होत होत्या म्हणून नव्हे, तर तिथल्या परिचारिका चूक बोलून दाखवायला घाबरत नव्हत्या म्हणून. कडक आणि दरारा असलेल्या प्रमुखाच्या वॉर्डात कागद स्वच्छ आणि चुका पोटात.

आता त्या रिकाम्या तक्रारपेटीवर वाजलेल्या टाळ्या आठवा. रिकामी पेटी हा चांगल्या कारभाराचा पुरावा नाही. बहुतेक वेळा ती दहशतीची पावती असते.

मौनाचा वर्षावास आणि पवारणा

ही गोष्ट तथागतांना अडीच हजार वर्षांपूर्वी कळली होती. विनयपिटकातल्या महावग्गात कोसल देशातल्या काही भिक्खूंची कथा आहे. आपसात भांडण नको, वर्षावास सुखाने पार पडावा म्हणून त्यांनी ठरवले की तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. वर्षावास संपल्यावर ते मोठ्या समाधानाने भगवंतांकडे आले. भगवंतांनी कौतुक केले नाही, कान उघाडणी केली. तोंड बंद ठेवून मिळवलेली शांतता ही माणसांची शांतता नव्हे, असा त्या उपदेशाचा अर्थ. आणि तिथेच त्यांनी पवारणेचा नियम घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्खूने संघासमोर विनंती करायची की, माझ्याकडून काही दोष घडलेला कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर सांगा.

यात सुरुवात कोणापासून होते? सर्वांत ज्येष्ठ थेरापासून. मग वयाने-दीक्षेने खाली खाली. आधी वरचा माणूस स्वतःला तपासायला देतो, मगच खालच्याला बोलायचे बळ येते. संयुत्तनिकायात तर श्रावस्तीच्या पूर्वारामात स्वतः बुद्ध संघाला विचारतात की माझ्या कायेत किंवा वाणीत तुम्हाला काही दोष दिसतो का. सम्यक संबुद्ध हे विचारतात, मग आपल्या तालुकाध्यक्षाला विचारायला काय हरकत आहे?

दुसरी बाजूही विनयात आहे. खोटा आळ घेणे हा गंभीर दोष आहे. दोष दाखवणाऱ्याने योग्य वेळी, खरे, सौम्य शब्दांत, हितासाठी आणि मैत्रीच्या भावनेने बोलावे. म्हणजे तक्रार हे सूड घेण्याचे साधन नाही आणि मौन हे शिस्तीचे लक्षण नाही.

आता आपल्या घरात पाहू

पाटलाची वाडा-संस्कृती आपण शिव्या देऊन मोकळे होतो. पण आपली मंडळे, जयंती समित्या, विहार समित्या, आपल्याच माणसांनी काढलेल्या शिक्षणसंस्था, तिथे काय चालते? वर्गणीचा हिशोब विचारणारा पोरगा "फुटीर" ठरतो. संस्थेत शिक्षकाने पगाराच्या पावतीवरची रक्कम आणि हातात आलेली रक्कम यातला फरक काढला की तो "समाजद्रोही". अध्यक्षांचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लागला की प्रश्न संपतात. घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात, नोव्हेंबर १९४९ मध्ये, बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. तो आपल्यालाही लागू आहे.

आणि आज आपली मुले कुठे नोकरीला आहेत? वाशीम, मालेगाव, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर, मानोरा, कुठेही जा. बाह्यस्रोत एजन्सीमार्फत ऑपरेटर, अकरा महिन्यांच्या आदेशावर परिचर, मानधनावर आशाताई. काम सरकारचे, भाकरी कंत्राटदाराच्या किंवा स्थानिक साहेबाच्या हातात. बलुत्याची हीच रचना नव्याने आली आहे. फक्त खळ्याच्या जागी एजन्सीचे ऑफिस आले. म्हणून कंत्राटीकरणाविरुद्धचा लढा हा फक्त पगाराचा लढा नाही. भ्रष्टाचाराविरुद्ध तोंड उघडता येण्याचा तोच लढा आहे.

करायचे काय? मला सुचतात त्या गोष्टी साध्या आहेत.

एक, ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्या हातात तक्रारपेटीची चावी, चौकशी आणि नोकरीचे नूतनीकरण यांपैकी काहीही नको, ही मागणी प्रत्येक कामगार संघटनेने लेखी लावून धरावी.

दोन, एकट्या माणसाला पुढे ढकलू नका. ज्या ताईची ऑर्डर मार्चमध्ये संपते तिच्या सहीने अर्ज देऊन आपण टाळ्या वाजवायच्या, हा पराक्रम नाही. माहिती अधिकाराचा अर्ज बाहेरच्या कार्यकर्त्याने करावा, तक्रार संघटनेच्या नावाने जावी, आणि त्यानंतर तिचे काम गेले तर तिच्या घरची चूल पेटती ठेवण्याची तयारी आधी करावी.

तीन, आपल्या प्रत्येक मंडळात आणि विहार समितीत आश्विन पौर्णिमेला पवारणा घ्या. अध्यक्षांपासून सुरुवात करा. हिशोबाची वही मध्ये ठेवा आणि पहिला प्रश्न सर्वांत लहान सभासदाला विचारू द्या.

त्या ताईंची तक्रार पुढे गेली का, असे तुम्ही विचाराल. गेली, पण त्यांच्या नावाने नाही. हजेरीपटाची प्रत माहिती अधिकारात मागवली आहे आणि अर्जावर सही माझी आहे. माझी ऑर्डर त्या साहेबांच्या टेबलात नाही, एवढाच माझ्यात आणि त्यांच्यात फरक. ज्याला बोलणे परवडते त्याने आधी बोलावे. ज्याला परवडत नाही त्याला ते परवडेल अशी व्यवस्था उभी करावी. १९२८ च्या त्या विधेयकातून बाबासाहेब हेच सांगत होते.

नमो बुद्धाय. जय भीम.